जुने इंग्रजी शब्द आणि आपले दस्तऐवज

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या, वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांची अर्थासह यादी गेले काही आठवडे प्रसिद्ध होत आहे. उपक्रम चांगला आहे आणि तो चालू राहावा, हे आरंभीच नमूद करतो. मात्र शब्दांची निवड ज्या कसोटीवर होताना दिसते, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. जो शब्द आज कोणी बोलत नाही, कानाला विचित्र लागतो आणि वाचून गंमत वाटते, तोच 'जुना शब्द' अशी संकलकांची समजूत असावी. असे शब्द माझ्या मते निरुपद्रवी असतात. न कळणारा शब्द आला की वाचक थांबतो, कोश उघडतो किंवा जाणत्याला विचारतो. फसवतो तो रोजच्या ओळखीचा शब्द, कारण तो जुन्या अर्थाने कागदावर बसलेला असतो आणि वाचक त्याला आजचा अर्थ देऊन निश्चिंतपणे पुढे जातो. गोव्यात हा प्रश्न साहित्यप्रेमींपुरता मर्यादित नाही. घरे, जमिनी आणि वारसाहक्क यांचे कागद याच इंग्रजीत लिहिलेले आहेत.

आपल्या यादीतील 'सेनाइट' म्हणजे सात रात्री, अर्थात आठवडा. 'ओव्हरमॉरो' म्हणजे येणारा परवा. 'व्हिदर' म्हणजे कोणीकडे आणि 'व्हेन्स' म्हणजे कुठून. हे शब्द आजच्या इंग्रज माणसाला जितके परके वाटतात तितके ते मराठी वाचकाला वाटण्याचे कारण नाही. इथे, इकडे, इथून आणि तिथे, तिकडे, तिथून हा भेद आपण बोलायला लागल्यापासून पाळतो. इंग्रजीतही 'हिअर, हिदर, हेन्स' आणि 'देअर, दिदर, देन्स' अशी हीच वीण होती. ती पुढे उसवली. आपला 'परवा' मागे आणि पुढे दोन्हीकडे चालतो, तर इंग्रजीत त्यासाठी दोन निरनिराळे शब्द होते आणि आज व्यवहारात त्यांपैकी एकही उरलेला नाही. या शब्दांबाबत एवढे पुरे.

'दाऊ' या सर्वनामापुढे मात्र आपल्या यादीत 'तू (आदरार्थी)' असे छापले आहे, आणि ते नेमके उलटे आहे. 'यू' हे मुळात अनेकवचन. फ्रेंच शिष्टाचाराच्या प्रभावाने ते एका व्यक्तीलाही आदराने लावले जाऊ लागले. 'दाऊ' उरले ते जवळच्या माणसाला, मुलाला, नोकराला आणि ज्याचा अपमान करायचा आहे अशालाही. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणाऱ्या एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना 'आय दाऊ दी' असे सुनावले. 'दाऊ'चेच त्यांनी क्रियापद केले. या वाक्याचे भाषांतर करताना आजच्या इंग्रजीला लांबलचक टीप द्यावी लागते. मराठीत 'मी तुला अरेतुरेच करणार' एवढ्याने काम भागते. क्वेकर पंथाचे लोक लहानथोर सर्वांनाच 'दाऊ' आणि 'दी' म्हणत, आणि त्यामुळे अधिकारी मंडळी त्यांच्यावर संतापत. पुढे बोलण्यातून 'दाऊ' गेले, पण १६११ च्या बायबलात आणि प्रार्थनेत ते टिकले. केवळ तिथेच ऐकू येत असल्याने ते भारदस्त, सोवळे वाटू लागले. देवाला त्यात 'दाऊ' म्हटले आहे ते जवळिकीने. विठोबाला आणि मंगेशाला 'तू' म्हणणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

त्याच बायबलात 'सफर' हे क्रियापद 'येऊ देणे, मुभा देणे' या अर्थाने येते. लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, या प्रसिद्ध वचनातील 'सफर'चा मुलांच्या हालअपेष्टांशी काहीही संबंध नाही. ११९ व्या स्तोत्रातील भक्त आपण पहाटेला 'प्रिव्हेंट' केले असे म्हणतो. त्याने सूर्योदय रोखून धरलेला नसून तो उजाडण्यापूर्वी उठला आहे, कारण लॅटिन मुळाप्रमाणे या शब्दाचा अर्थ आधी येणे, पुढे जाणे असा होता. 'क्विक' म्हणजे जिवंत. पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर' म्हणतात ते तो सळसळतो म्हणून. 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न. शेक्सपिअरची ज्युलिएट 'वेअरफोर' विचारते तेव्हा रोमिओ कुठे आहे हे तिला जाणून घ्यायचे नसते, तो रोमिओच का असावा हा तिचा प्रश्न असतो; शाळेच्या स्नेहसंमेलनातील ज्युलिएट मात्र कपाळावर आडवा हात धरून त्याला बागेत शोधत असते.

या प्रकारचा एक शब्द आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तीत धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावे असे म्हटले आहे. हा 'लेट' उशिराचा नाही आणि 'होऊ दे' असे सांगणाराही नाही. जुन्या इंग्रजीत अडवणे या अर्थाचे एक वेगळेच क्रियापद होते. मुभा देणाऱ्या 'लेट'शी त्याचा उच्चार पुढे एकरूप झाला, आणि परस्परविरोधी अर्थांचे दोन शब्द एकाच रूपात नांदू लागले. व्यवहारात अर्थातच मुभा देणारा टिकला. अडवणारा पासपोर्टमध्ये राहिला.

आता दस्तांकडे वळतो. १९६१ पूर्वीचे गोव्यातील दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत. ते कळत नाहीत हे सर्वांना ठाऊक असते आणि म्हणून लोक भाषांतर करून घेतात. नंतरचे दस्त इंग्रजीत आहेत आणि इंग्रजी आपल्याला येते, असे आपण धरून चालतो. म्हापसा, डिचोली किंवा मडगावच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवलेले एखादे जुने विक्रीखत उघडून पाहावे. एकाच जागेची ओळख तीन प्रकारे दिलेली आढळते: पोर्तुगीज काळातील भूनोंदणीचा क्रमांक, महसुलाचा 'मात्रीझ' क्रमांक आणि नंतरचा सर्व्हे क्रमांक. तिच्याभोवतीची भाषा लंडनच्या वकिलांनी काही शतकांपूर्वी घडवलेली आहे. दस्त 'एक्झिक्यूट' होतो म्हणजे त्यावर सह्या होऊन तो पुरा होतो, कोणाला फाशी होत नाही. 'इन्स्ट्रुमेंट' हे वाद्य किंवा उपकरण नसते, तो दस्तच असतो. 'कन्सिडरेशन' म्हणजे मोबदला. त्यात कोणी कसलाही विचार केलेला नसतो. 'बाय दीज प्रेझेंट्स' यातील 'प्रेझेंट्स' म्हणजे हाच कागद. पूर्वीच्या दस्तांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे 'स्पिन्स्टर' असे येते. मुळात सूत कातणारी असा त्याचा अर्थ होता, पुढे तो कायद्यातील दर्जा झाला आणि बोलण्यात हेटाळणीचा शब्द बनला. इंग्लंडच्या विवाहनोंदणीतून तो २००५ मध्ये हद्दपार झाला.

भाडेपट्ट्यात धोका अधिक आहे. 'डिमाइज्ड प्रिमायसेस' हे वाचून आजचा पदवीधर निधनाशी काही संबंध जोडेल, कारण 'डिमाइज' म्हणजे मृत्यू हे त्याने वर्तमानपत्रातच वाचलेले असते. मूळ अर्थ आहे हक्क दुसऱ्याच्या हाती सोपवणे, आणि भाडेपट्ट्यात तोच चालतो. राजा मरण पावला की राजसत्ता वारसाच्या हाती जाते, या हस्तांतरालाही 'डिमाइज' म्हणत. तिथून तो शब्द खुद्द मरणाला चिकटला. याहून फसवे क्रियापद 'डिटरमिन' हे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १११ भाडेपट्टा कोणकोणत्या प्रकारे 'डिटरमिन' होतो ते सांगते, म्हणजे कशाकशाने संपतो ते सांगते. आपला भाडेपट्टा 'डिटरमिन' झाल्याची नोटीस हाती आलेला भाडेकरू तिचा अर्थ 'ठरला, निश्चित झाला' असा लावून स्वस्थ बसला, तर दोष त्याच्या इंग्रजीचा म्हणता येणार नाही; शाळेत त्याला तोच अर्थ शिकवलेला असतो.

'प्रिमायसेस' या शब्दाची घडण तर मराठी वाचकाला विशेष रुचेल. लॅटिन मुळानुसार त्याचा अर्थ 'वर सांगितलेल्या गोष्टी' एवढाच आहे. दस्ताच्या आरंभी घर, अंगण, विहीर, झाडे यांचे तपशीलवार वर्णन करायचे आणि पुढे प्रत्येक वेळी ते सगळे पुन्हा न लिहिता 'प्रिमायसेस' म्हणायचे, अशी लेखनिकांची रीत होती. वर सांगितलेली गोष्ट बहुधा वास्तूच असल्यामुळे कालांतराने वास्तूलाच 'प्रिमायसेस' म्हणू लागले. आपल्याकडे 'मजकूर' या शब्दाचे हेच झाले आहे. मोडी कागदांत 'मौजे मजकूर' म्हणजे वर उल्लेखिलेला गाव. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'उल्लेखिलेला' असा आहे. आज मजकूर म्हणजे लिहिलेले जे काही असेल ते. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन कारकुनी परंपरांनी आपापल्या शब्दाला एकाच रीतीने वळवले, ही मला मोठी मौजेची बाब वाटते.

दस्तांतील जोडशब्दांविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. 'गुड्स अँड चॅटल्स' (चीजवस्तू), 'विल अँड टेस्टमेंट' (मृत्युपत्र) अशा जोड्यांत दोन वेगळ्या वस्तू सांगितल्या आहेत, असे पुष्कळांना वाटते. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या न्यायालयांत फ्रेंच भाषा शिरली. खटले इंग्रजीत चालवावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला, तरी वकिलांची फ्रेंच त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली. दोन्ही भाषकांना कळावे आणि कोणतीही फट राहू नये म्हणून एकाच अर्थाचे देशी व परके शब्द शेजारी शेजारी लिहिण्याची सवय पडली. 'कागदपत्र' आणि 'धनदौलत' असे म्हणताना आपणही संस्कृताला फारसी-अरबीची जोड देतच असतो.

आपल्याच दैनिकाच्या शेवटच्या पानांवर वारसापत्राच्या ज्या जाहीर नोटिसा इंग्रजीत छापल्या जातात, त्यांचा उल्लेख मी मुद्दाम मागे ठेवला होता. अमुक गृहस्थ 'इंटेस्टेट' वारले, म्हणजे मृत्युपत्र न करता वारले. ते 'विदाउट इश्यू' वारले, असेही कधी असते. मराठीत हल्ली 'इश्यू' म्हणजे कटकट, वाद. तेव्हा हे वाचून, मागे कसलाही तंटा न ठेवता गृहस्थ सुखाने गेले असे कोणास वाटले तर नवल नाही. प्रत्यक्षात ते निःसंतान होते एवढेच सांगायचे असते. वारसाला 'युनिव्हर्सल' म्हटलेले असते, ते पोर्तुगीज कायद्याच्या परिभाषेवरून. संपूर्ण वारसासंपत्तीचा वारस असा त्याचा आशय आहे. आणि मागे राहिलेल्या पत्नीला 'मॉयटी होल्डर' म्हटलेले असते. 'मॉयटी' म्हणजे अर्धा भाग. फ्रेंचमधून आलेला हा शब्द आजच्या इंग्रजीत जवळजवळ अडगळीत गेला आहे, पण गोव्यात तो रोज छापला जातो, कारण पोर्तुगीज नागरी संहितेतील पती-पत्नींच्या सामाईक संपत्तीची कल्पना सांगण्यासाठी भाषांतरकारांना तोच योग्य वाटला. अशा विवाहात अर्धी संपत्ती पत्नीची स्वतःचीच असते; पती वारल्यावर वारसांत वाटली जाते ती उरलेली अर्धी. 'मॉयटी होल्डर' आणि 'एअर' म्हणजे वारस हे दोन शब्द नोटिशीत वेगवेगळे येतात ते याच कारणाने. विधवेला नवऱ्याकडून अर्धा वाटा 'मिळाला' असे म्हणणे चूक आहे. तो तिचाच होता.

इतिहासाच्या वाचनातही हीच गल्लत होते. इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेला 'फॅक्टरी' स्थापन केली, याचे भाषांतर काही मराठी लेखनात 'कारखाना' असे केलेले आढळते. सतराव्या शतकात 'फॅक्टर' म्हणजे व्यापाऱ्याचा अडत्या आणि तो जिथे राहून मालाची खरेदी-विक्री व साठवण करी ती 'फॅक्टरी'. त्यासाठी आपल्याकडे 'वखार' हा शब्द त्याच काळापासून आहे, आणि राजापूरची व कारवारची वखार म्हणताना आपण तो बिनचूक वापरतोही. कंपनीचा 'रायटर' हा लेखक नव्हे, सर्वांत खालच्या दर्जाचा कारकून होय.

गोव्याचा जुन्या इंग्रजीशी संबंध तर याहूनही आधीचा आहे. पुढे क्रिस्तपुराण लिहिणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात पोहोचले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनला वडिलांना पत्र लिहिले. शेक्सपिअर त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. पत्राच्या आरंभी स्टीफन्स वडिलांचा आशीर्वाद 'क्रेव्ह' करतात आणि आपली खुशाली 'सर्टिफाय' करतात. आज 'क्रेव्ह' म्हटले की चॉकलेटची तल्लफ आठवते आणि 'सर्टिफाय' म्हटले की शिक्का. तेव्हा पहिल्याचा अर्थ नम्रपणे मागणे आणि दुसऱ्याचा नुसते कळवणे असा होता.

उलट बाजूचीही नोंद व्हावी. काही शब्द अन्यत्र जुने झाले आणि आपल्याकडे धडधाकट आहेत. 'फोर्टनाइट' म्हणजे पंधरवडा, हा शब्द अमेरिकेत फारसा ऐकू येत नाही. आपल्या सरकारी पत्रांत तो नियमाने येतो. प्रत्येक टॅक्सीवाल्याच्या तोंडी असलेली 'स्टेपनी' ही वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आली. १९०४ मध्ये तिथे जादा चाक बनवण्यास सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये आज ते नाव सहसा कोणी घेत नाही. 'प्यून' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, अर्थ पायदळातील सैनिक. आपण त्याला 'शिपाई' म्हणतो, म्हणजे मराठीतही सैनिकच कचेरीच्या दाराशी येऊन बसला. अशा प्रवासांची पद्धतशीर नोंद करणारे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद हे बार्देशातील आसगावचे. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे पसरले यावरील त्यांचा ग्रंथ १९१३ चा, तर त्यांचा मोठा शब्दसंग्रह १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झाला. आपल्या स्तंभात त्यांचे नाव अद्याप आलेले नाही, याचे आश्चर्य वाटते.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्युत्पत्ती मात्र कृपया घेऊ नयेत. 'पॉश' हा शब्द भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या आगबोटींच्या तिकिटांवरील आद्याक्षरांपासून बनला, ही कथा ऐकायला छान असली तरी तिला कोणताही पुरावा मिळालेला नाही.

यापुढे प्रत्येक शब्दासोबत तो कोणत्या काळात व कोणत्या प्रकारच्या लेखनात त्या अर्थाने येतो, हे एका ओळीत छापावे अशी माझी विनंती आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ ते १९२८ या काळात खंडशः निघाला तो याच तत्त्वावर, प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणे देऊन. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश हाताळणाऱ्यांनीही त्यातील इंग्रजी १८५७ च्या आवृत्तीचे आहे याचे भान ठेवावे. तिथल्या काही इंग्रजी अर्थांसाठी आज दुसरा इंग्रजी कोश जवळ लागतो. वारसापत्रे, विक्रीखते आणि भाडेपट्टे यांतील नित्याच्या शब्दांची मराठी व कोकणी अर्थांसह छोटी पुस्तिका राजभाषा संचालनालयाने काढावी आणि ती सब-रजिस्ट्रार कचेऱ्यांत व पंचायतींत ठेवावी. राजभाषा कायदा १९८७ चा आहे. एवढ्या अवधीत हे होणे अशक्य नव्हते. ते होईपर्यंत जाहीर नोटिसांच्या पानावर तळाशी चार ओळींची जागा आपण देऊ शकाल काय? तिथे आठवड्याला एकच शब्द घेतला तरी चालेल, आणि आरंभ 'मॉयटी'पासून करावा असे मी सुचवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
डिचोली, गोवा